चित्राची पाठ

आधी पालथं घातलं.
पाठ बघितल्याशिवाय मी फ्रेमचा दर सांगत नाही,
मग चित्र देवाचं असो की कुणाच्या मेलेल्या सासऱ्याचं.

कॅनव्हास भाजलेल्या पापडासारखा.
वर दुकानाची चिठ्ठी, कसरीने निम्मी खाल्लेली:
परदेशी गावाचं शेपूट उरलंय, आणि अठराशे एक्क—
पुढचं कसर जाणे.
त्याखाली मिलचा जांभळा शिक्का. मॅनेजर बंगला, दिवाणखाना.
कारकुनाने सगळ्या डोंगराला
चव्वेचाळीस बाय तीस इंचांत बसवलंय,
नोंद पंख्यांनंतर, कपाटांच्या आधी.

मग खडूने: लॉट ४१.
भोंगा बंद झाल्यावर सगळंच विकायला निघालं, तेव्हा
मैनोद्दीनचाचाला हवा होता वजनकाटा.
हे त्याच्याबरोबर आलं, शेंगेबरोबर टरफल येतं तसं.
चाचाने ते हिरेमठांच्या खानावळीत दिलं,
तीन महिन्यांच्या जेवणापोटी.
तिथे अकरा वर्षं फोडणीचा धूर खाऊन
संध्याकाळ आणखी संध्याकाळ झाली.
आता दाताच्या डॉक्टर इंडीबाईंचं.
खुर्चीत आ करून पडलेल्या माणसाला
बघायला काहीतरी लागतं, म्हणाल्या.

सुलटं केलं. थुंकीच्या बोळ्याने कोपरा पुसला
(उस्ताद असंच शिकवून गेला).
डोंगर. वीज पडून चिरफाळलेलं झाड.
ढगांच्या आत कुणी कंदील धरल्यासारखा उजेड.
पाण्याकाठी लाल कोटातला माणूस, नखाएवढा,
आपल्याकडे पाठ करून.

आणि सगळं चुकलेलं.
पाणी उजवीकडे चाललंय.
आमच्या घरी ते डावीकडे जायचं.

घरी म्हणजे भद्रावती पेठेत, टीव्हीच्या वर,
सुताचं, खाली झालर, नान्नाने पंच केलेलं.
बंगल्यात रविवारी दोन तास त्याला सोडायचे,
चपला बाहेर.
गार फरशीवर उभा राहून तो डोंगर चौकटीचौकटीने मोजायचा.
कार्डं उलटी ओवली गेली, की कापड उलट्या अंगाने विणलं,
की त्याला तसंच हवं होतं, कधी बोलला नाही.
कुणी विचारलंही नाही. मूळ चित्र बघितलेलं
गावात होतंच कोण?
चार-साडेचार हजार नग गेले,
लग्नाच्या आहेरात, विजापूर, गुलबर्गा, नांदेड.
त्यांची चिठ्ठी कुठे नाही, शिक्का नाही.
कुठल्या तरी भिंतीवर अजून
ते पाणी डावीकडे जात असेल.

इंडीबाईंचा फोन: मालकांची यादी लिहून द्या,
विमावाले मागतात.
यादीसाठी परत पालथं घातलं.

तेव्हा दिसलं. खालच्या लाकडी पट्टीवर, आतल्या अंगाला,
शिसपेन्सिल, तेलुगू, ती तिरकी अक्षरं
जी माझ्या शाळेच्या वह्यांवर असायची:
नीळ्ळु, बेचाळीस ओळी.
निळा नको. राखाडी घे.

म्हणजे एखाद्या रविवारी, साहेब आत झोपलेला असताना,
त्यानेही हे भिंतीवरून उतरवलं होतं,
पालथं घातलं होतं,
माझ्यासारखंच गुडघ्यावर.

मे महिना. चौकात डांबर चपलेला चिकटतंय.
आज नळाचा दिवस नाही, उद्याही नाही.
मी बोटाने त्या बेचाळीस ओळी मोजायला गेले
आणि एकोणिसाव्या ओळीवर चुकले.

यादीत मालक पाच लिहिले.
तो मालक नव्हता. नऊ-दहा रविवार, दोन दोन तास,
त्याला विमा कुठला.

नवीन सागवानी पट्टी, काच नको, मागे प्लाय.
प्लायला त्या जागी एक खिडकी कापली, पोस्टकार्डाएवढी.
तिची मजुरी
बिलात धरली नाही.